सिस्टम ओके

नोकरीच्या पहिल्याच दिवशी अण्णांनी माझ्या बंद कॉम्प्युटरचा ड्रायव्हर अपडेट करून दिला. बंद म्हणजे पूर्ण बंद. दिवा नाही, पंख्याचा आवाज नाही, पडदा काळाठिक्कर. मी बटण दाबून दाबून थकले तेव्हा कुणीतरी अण्णांना बोलावलं. ते आले, खिशातून पेन ड्राइव्ह काढला, मशीनला खोचला, डोळे मिटून क्षणभर उभे राहिले आणि म्हणाले, "ड्रायव्हर जुना झालाय अक्का. स्वल्प थांबा." मग त्यांचा पाय टेबलाखाली कशाला तरी लागला. एक्स्टेन्शन बोर्डाचा स्विच होता तो. खट् आवाज झाला आणि मशीन जागं झालं. अण्णांनी पेन ड्राइव्ह काढून घेतला, चष्मा सारखा केला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला थँक्यू म्हणावंच लागलं.

"सिस्टम ओके," असं म्हणून ते गेले.

मी पुण्याची. पुण्यात मूर्ख माणसाला तोंडावर मूर्ख म्हणायची सोय असते. बेंगळुरूत ती नाही. इथे माणसं 'सरी, सरी', म्हणजे 'बरं, बरं', म्हणून मान हलवतात आणि आपापल्या कामाला लागतात, त्यामुळे अण्णांसारखी माणसं वर्षानुवर्षं खुर्चीत सुखाने पिकत राहतात. आमची कंपनी बोम्मसंद्र्याला होती. मोठ्या कारखान्यांना लागणारी फिक्स्चर आम्ही बनवायचो, म्हणजे मशीनवर काम चालू असताना लोखंडाचा तुकडा हलू नये म्हणून त्याला घट्ट धरून ठेवणारे सांगाडे. मी खरेदी बघायचे. अण्णा 'सिस्टम्स' बघायचे. ते काय बघायचे हे कंपनीत कुणालाच सांगता आलं नसतं.

या पदावर ते कसे पोहोचले ती कथा मात्र सगळ्यांना पाठ होती. मालकांच्या वडिलांनी कंपनीतला पहिला कॉम्प्युटर आणला तेव्हा अण्णा स्टोअरमध्ये होते. गाडीतून तो खोका त्यांनी दोन्ही हातांनी उचलून आत आणला. ज्याने खोका उचलला तोच त्यातला जाणकार, असं त्या दिवशी ठरलं आणि पुढे कुणी ते बदललं नाही. मालक बदलले, कॉम्प्युटर किती तरी वेळा बदलले, अण्णा तसेच राहिले. नव्या मालकांना, म्हणजे सरांना, अण्णांनी लहानपणी सायकलवर फिरवलेलं. त्यामुळे सरांच्या लेखी अण्णा जे म्हणतील ते खरं.

दिसायला अण्णा झकास होते, हे कबूल करते. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, वरच्या खिशात लाल मुठीचा स्क्रू ड्रायव्हर, कमरेला काळ्या दोऱ्यात ओवलेले चार-पाच पेन ड्राइव्ह. आणि चष्मा. तो चष्मा म्हणजे अण्णांचा जीव की प्राण. त्याच्यासाठी एक पिवळं मऊ कापड होतं, ते वेगळ्या डबीत राहायचं. बोलता बोलता ते चष्मा काढायचे, काचेवर हळूच फुंकर घालायचे, कापडाने आधी बाहेरून पुसायचे, मग आतून, मग उजेडाकडे धरून बघायचे. एकदा आमच्या अकाउंटंटने तो सहज उचलून टेबलाच्या दुसऱ्या कडेला ठेवला, तर अण्णा दिवसभर त्याच्याशी बोलले नाहीत. "काचेला बोट लागलं की झालं," ते म्हणायचे. "नाजूक वस्तू आहे. हिला कसं हाताळायचं ते समजायला पाहिजे की."

एवढी समज माणसाच्या अंगात असते आणि ती सगळी चष्म्यावरच खर्च होते, याचं मला फार नवल वाटायचं.

कारण कॉम्प्युटरच्या बाबतीत त्यांच्याकडे दोनच औषधं होती. पहिलं ड्रायव्हर, म्हणजे मशीनच्या एकेका भागाला चालवणारा छोटा प्रोग्रॅम. माउस अडकला, ड्रायव्हर. इंटरनेट मंद झालं, ड्रायव्हर. प्रिंटरमध्ये कागद संपला, तरी आधी ड्रायव्हर. कुठून तरी फुकट मिळवलेला एक प्रोग्रॅम त्यांच्या पेन ड्राइव्हमध्ये होता. तो चालवला की मशीनमधले सगळे ड्रायव्हर लाल रंगात 'जुने' म्हणून दाखवायचा आणि अण्णा एकेकाला नवा करायचे. चांगल्या चाललेल्या मशीनचा आवाज मग बंद पडायचा. एकदा रिसेप्शनवरच्या मुलीच्या स्क्रीनवर सगळं डोकं खाली पाय वर दिसायला लागलं. तिने मान वाकडी करून दोन दिवस काम केलं, पण अण्णांना काही बोलली नाही.

दुसरं औषध म्हणजे 'मेमरी हलकी करणं'. मेमरी म्हणजे मदरबोर्डवर बसवलेल्या त्या हिरव्या पट्ट्या, हे अण्णांना ठाऊकच नव्हतं असं नाही. पण त्या पट्ट्यांमध्ये आपल्या फाइली धान्यासारख्या भरून ठेवलेल्या असतात, अशी त्यांची पक्की समजूत होती. मशीन हळू चाललं की ते डेस्कटॉपवरच्या फाइली पुसायचे. अकाउंटंटने जमवून ठेवलेले मुलाच्या बारशाचे फोटो असेच हलके झाले. "एवढं वजन ठेवल्यावर मशीन धावणार कसं?" अण्णांनी उलट त्यालाच विचारलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, ही म्हण मी आईच्या तोंडून ऐकली होती. तिचा मूर्तिमंत नमुना बोम्मसंद्र्याला बघायला मिळाला.

मी एकदा बोलले. म्हटलं, "अण्णा, सगळे ड्रायव्हर उगाच नवे करायचे नसतात. जो बिघडलाय तेवढाच बघावा."

"असं बोलू नये हं अक्का," ते म्हणाले. "तुम्ही पुण्याहून काल आलात. आम्ही कधीचे आहोत इथे."

हे 'कधीचे' म्हणजे खरंच कधीचे. त्यांचं घराणं मराठी फौजेबरोबर इकडे आलेलं, पिढ्यान्‌पिढ्या येलहंक्याला राहिलेलं. घरी मराठी बोलत, पण ती मराठी अर्धीअधिक कन्नडमध्ये भिजलेली. पूर्वजांची एक तलवार घरात आहे असं ते सांगायचे. ती मी कधी पाहिली नाही, पण तिच्याबद्दल इतकं ऐकलं की मला ती तोंडपाठ झाली होती. आणि पुढे जे घडलं त्याच्या मुळाशी ती तलवारच होती.

आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, आमची कंपनी नुसती झळकायची. लेथ मशिनांना झेंडूच्या माळा, दारांना केळीचे खांब, फाटकाशी फोडलेला कोहळा, सगळ्यांच्या हातांत कडलेपुरीच्या पुड्या, म्हणजे चुरमुरे आणि डाळं. कामगार आपापल्या पान्यांना, हातोड्यांना हळदकुंकू लावायचे. ते सगळं मला मनापासून आवडायचं. ज्या वस्तूवर पोट चालतं तिच्यापुढे वर्षातून एकदा वाकायला काय हरकत आहे? पण ऑफिसमधल्या कॉम्प्युटरांची पूजा अण्णांकडे होती, आणि तिथे अण्णांचं शास्त्र चालायचं.

"म्यानाला कुंकू लावून काय उपयोग?" ते विचारायचे. "आमच्या घरी तलवार म्यानातून काढतात आणि पात्याला लावतात. पातं म्हणजे आयुध. म्यान नव्हे."

त्यांच्या हिशेबात कॅबिनेट, म्हणजे कॉम्प्युटरची बाहेरची पेटी, हे म्यान आणि आतला मदरबोर्ड हे पातं. म्हणून पूजेच्या दिवशी ते लाल मुठीचा स्क्रू ड्रायव्हर काढून कॅबिनेटची बाजू उघडायचे आणि आत बोट घालून मदरबोर्डला कुंकू लावायचे. आमच्यासारख्या खरेदीवाल्यांच्या मशिनांना हा मान नव्हता. आम्हाला बाहेरून टिकली. जे मशीन सगळ्यांत ताकदवान, त्याचंच पातं पुजायचं, असा नियम. त्या वर्षी हे मशीन सुमाचं होतं.

सुमा तुमकूरची. ड्रॉइंग काढायला नवीन लागलेली, पहिलीच नोकरी, अजून कायम झालेली नव्हती. बोलायची कमी, आणि बोलली तर कन्नडमध्ये हिंदी मिसळून, माझी फजिती होऊ नये म्हणून हळू. स्क्रीनवर काढण्याआधी ती प्रत्येक भाग पेन्सिलीने कागदावर काढून बघायची. बाकीचे हसायचे. मला तिचं ते करणं बघत बसावंसं वाटायचं. अण्णांनी तिचं मशीन उघडलं तेव्हा आरतीचं तबक तिच्याच हातात होतं. सर शेजारी हात जोडून उभे होते. अण्णांनी चिमूटभर कुंकू मेमरीच्या पट्ट्यांच्या मुळाशी सोडलं, वर हळद टाकली आणि झाकण लावलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी माझ्या टेबलाशी कडलेपुरी खात होते. त्यांनी कॅबिनेट उघडलेलं लांबून दिसलं, बोट नेमकं कुठे गेलं ते मात्र नंतर कळलं.

दसऱ्यानंतर सुमाचं मशीन अडकायला लागलं. एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या फिक्स्चरचं ड्रॉइंग तिच्याकडे होतं. ती ते काढत आणायची आणि मध्येच पडदा निळा पडायचा, मशीन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचं, मधलं काम गायब. ती अण्णांना बोलवायची. अण्णा खुर्चीत बसायचे, ड्रायव्हर नवे करायचे, आणि त्यांच्यासमोर मशीन गुण्यागोविंदाने चालायचं. मेमरीचा असा अर्धवट बिघाड फार लबाड असतो. तो दाखवायला गेलं की दिसत नाही.

"नोडी, बघा," अण्णा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "सिस्टम ओके."

मग ते उठायचे, आणि थोड्या वेळाने पडदा पुन्हा निळा. ती बिचारी एकेक रेघ काढली की सेव्ह करायला लागली. तरी फाइलच एकदा अशी बिघडली की उघडेना. गिऱ्हाइकाचे फोन सुरू झाले. सरांनी अण्णांना विचारलं, तेव्हा मी तिथेच कसल्या तरी बिलावर सही घ्यायला उभी होते. अण्णांनी चष्मा काढला, काचेवर फुंकर घातली.

"मशीन पक्कं आहे सर. मी स्वतः बघितलं. मुलगी मोबाईलमध्ये असते, सेव्ह करत नाही, मग मशीनवर ढकलते. आजकालची मुलं."

मला इतका संताप आला की सही न घेताच मी बाहेर पडले. या माणसाला एक पट्टी धड ओळखता येत नव्हती आणि तो एका मुलीचं चारित्र्य तपासून मोकळा झाला होता. नाचता येईना अंगण वाकडं, एवढ्यावर भागलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण इथे अंगणाला नोकरीवरून काढायचं चाललं होतं. सरांनी सुमाला सांगितलं, शनिवारपर्यंत ड्रॉइंग द्यायचं, नाहीतर सोमवारी येऊ नकोस.

जेवणाच्या सुट्टीत ती मशीनसमोर नुसती बसली होती. डबा उघडलेला नव्हता. मला बघून म्हणाली, "अक्का, घरी काय सांगू? मी खोटं बोलते असं सांगू?"

माझा भाऊ पुण्यात घरच्या घरी कॉम्प्युटर जोडून विकायचा. आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर मदरबोर्ड पडलेले असायचे आणि आई त्यांच्याशेजारी भाजी चिरायची. त्यामुळे एवढं मला कळत होतं की पुन्हा पुन्हा निळा पडदा येतो तेव्हा आधी मेमरीकडे बघावं. विंडोजमध्येच मेमरी तपासायची सोय असते, कुठल्या पेन ड्राइव्हची गरज नसते. मी ती सुरू केली. बराच वेळ आकडे सरकत राहिले आणि मग सरळ लिहून आलं की हार्डवेअरमध्ये दोष आहे. सुमाने ते वाचलं, पुन्हा वाचलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मशीनने अखेर तिच्या बाजूने साक्ष दिली होती.

आम्ही मशीन बंद केलं, वायर काढली, बाजू उघडली. दोन्हीकडच्या खिट्ट्या दाबून मी पहिली पट्टी उपसली. तिच्या खालच्या सोनेरी दातांवर लाल भुकटी चिकटली होती. दमट हवेने तिचा थर झाला होता. पट्टी जिथे बसते त्या खाचेतही कुंकू. मी पट्टी उलटी केली आणि हळदीकुंकवाची एक छोटीशी रेघ टेबलावर सांडली.

तेवढ्यात अण्णा डबा धुऊन परत आले.

"काय चाललंय? कुणी उघडलं हे?"

मी पट्टी त्यांच्या चष्म्यासमोर धरली. म्हटलं, "अण्णा, हा तुमचा ड्रायव्हर."

अण्णांनी पट्टीकडे पाहिलं, खाचेकडे पाहिलं, मग टेबलावर सांडलेल्या कुंकवाकडे. चेहरा उतरला त्यांचा. मला वाटलं, आता तरी हा माणूस 'चुकलं' म्हणेल. पण सांडलेलं कुंकू तसंच पडू द्यायचं नसतं, पुसून कचऱ्यात तर मुळीच टाकायचं नसतं, ही शिकवण त्यांच्या अंगात फारच खोल मुरलेली होती. त्यांचं बोट आपोआप पुढे गेलं, त्यांनी ते कुंकू टिपलं आणि कपाळाला लावलं. त्याच वेळी दारात सर उभे राहिले.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

"ड्रायव्हर प्रॉब्लेम, सर," अण्णा म्हणाले. कपाळावर कुंकवाचा भला मोठा टिळा.

मी सरांना सगळं सांगितलं. तपासणीच्या निकालाचा मोबाईलवर काढलेला फोटो दाखवला, पट्टी दाखवली, खाच दाखवली. ते खाली वाकून बघत होते आणि हळूहळू त्यांच्या लक्षात येत होतं की हे कुंकू आत जाताना आपण हात जोडून शेजारी उभे होतो. ते सरळ झाले. रुमालाने हात पुसले.

"पूजेचं नाव कुठे काढू नका," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "कामगार काय म्हणतील? गिऱ्हाइकाला आणि सगळ्यांना सांगा, ड्रायव्हर प्रॉब्लेम होता. आता ठीक झालाय." मग सुमाला म्हणाले, "तू काम कर. सोमवारी ये."

एवढंच. तिच्यावर घेतलेल्या संशयाबद्दल एक शब्द नाही. अण्णांना तर एवढा धीर आला की ते जाता जाता मान डोलावून म्हणाले, "मी आधीपासून ड्रायव्हरच म्हणत होतो की."

सुमाच्या कंपासपेटीतलं खोडरबर घेऊन मी पट्ट्यांचे सोनेरी दात घासले, मऊ ब्रशने खाच झटकली, पट्ट्या पुन्हा बसवल्या. मशीन सुरळीत चाललं. ड्रॉइंग शनिवारच्या आत गेलं आणि काही महिन्यांनी सुमा कायमही झाली. पण सगळ्या कंपनीत खरं कारण म्हणून ड्रायव्हरच राहिला, आणि तो बरा करणारे म्हणून अण्णा. कुणीतरी त्यांना त्या आठवड्यात कॉफी पाजली. मी इतकी चिडले होते की घरी फोन करून भावाला अर्धा तास शिव्या दिल्या, आणि त्याचा काही संबंध नव्हता.

सुमा चिडली नाही. निदान मला तसं वाटलं. ती पूर्वीसारखीच खाली मान घालून काम करायची. फक्त रेघ काढली की सेव्ह करायची ती सवय तिची सुटली नव्हती. एक रेघ, एक सेव्ह. मला ते बघवायचं नाही.

पुढच्या वर्षी आयुधपूजेला अण्णा पुन्हा कडक इस्त्रीत आले. एका हातात तबक, दुसऱ्या हातात लाल मुठीचा स्क्रू ड्रायव्हर. मागे सर, मागे बाकीचे सगळे, कुणाच्या तरी हातात फोटोसाठी मोबाईल. अण्णा सुमाच्या टेबलाशी थांबले आणि कॅबिनेटच्या स्क्रूला हात घालणार, तेवढ्यात ती खुर्चीतून उठली. तिने कॅबिनेटवर आपला तळवा ठेवला.

"अण्णा," ती कन्नडमध्ये म्हणाली. एव्हाना मला सगळं समजत होतं. "ज्याच्यावर आपलं काम चालतं ते आपलं आयुध. बरोबर?"

"बरोबर की," अण्णा खूश होऊन म्हणाले.

"तुम्ही सगळं काम नुसतं बघून करता. म्हणजे तुमचं आयुध तुमचा चष्मा. आधी त्याला लावा." ती जराही हसली नव्हती. "काचेला लावा, अण्णा. आतून. पात्याला लावायचं असतं ना?"

अण्णांचा हात चटकन चष्म्याकडे गेला आणि तिथेच राहिला, लहान मुलाला कुणी उचलून न्यायला आलं की आई जसा त्याच्यावर हात ठेवते तसा. ते सुमाकडे बघत राहिले. मग सरांकडे पाहिलं. सर केळीच्या खांबाकडे बघत होते. अण्णांनी स्क्रू ड्रायव्हर खिशात ठेवला, कॅबिनेटला बाहेरून एक टिकली लावली, इतकी छोटी की दिसू नये, आणि म्हणाले, "सरी, सरी."

त्यानंतर वर्षभर सुमाचं मशीन एकदाही अडकलं नाही. ती नोकरी सोडून मी आता हेब्बाळला दुसरीकडे काम करते, पण माझा तिथला शेवटचा दिवस मला लख्ख आठवतो. अण्णा एका नव्या माणसाला ऑफिस दाखवत फिरत होते. सुमाच्या टेबलाशी थांबले, चष्मा काढून पिवळ्या कापडाने आधी बाहेरून, मग आतून पुसला, आणि तिच्या मशीनकडे बोट दाखवून अभिमानाने म्हणाले, "हे पाहा. मीच बसवलाय याचा ड्रायव्हर. वर्षभर काही तक्रार नाही."

सुमा एक लांबलचक रेघ काढत होती. ती पूर्ण झाली, तिच्यापुढे दुसरी सुरू झाली, मग तिसरी. मध्ये तिने सेव्ह केलं नाही.

"सिस्टम ओके, अण्णा," ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली.